रावणाच्या टाचेशी दिवा

गावातल्या ताराबाईंच्या हातात पेटता दिवा होता आणि त्या तो रावणाच्या पुतळ्याच्या टाचेशी ठेवायला वाकत होत्या. त्याच टाचेतून मी वात बाहेर काढलेली. वात म्हणजे फटाक्यांच्या लडीचं टोक. लडी पोटात, छातीत, दहाही डोक्यांत. भोवती अख्खं गाव खेटून उभं.

मी पुतळे बांधतो. चंद्रपुरात वर्कशॉप आहे, अब्बाही हेच करायचे. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, वर कागद, वर रंग. दसऱ्याच्या सीझनला फोन आला, दहा फुटी रावण पाहिजे, डिलिव्हरी अहेरीकडच्या गावात. मी काहीच विचारलं नाही. रावण म्हटला की जाळायचा, म्हणून लडी भरूनच नेला.

गावात उतरवला तर बाया हळद-फुलं घेऊन आल्या. तेव्हा कळलं, या आदिवासी गावात रावण म्हणजे राजा, पूर्वज. आमच्या दसरा मैदानातला खलनायक इथं देवाच्या जागी. तुमच्या पूर्वजाच्या पोटात बारूद भरली, हे कोणत्या तोंडानं सांगू? पूजा झाल्यावर गुपचूप काढू म्हटलं. तेवढ्यात हा दिवा आला.

"बाई, दिवा मागं घ्या!" मी ओरडलो.

"काऊन?" गावच्या मंडळाचे अध्यक्ष मडावीभाऊ पुढं आले.

"आत फटाके आहेत, भाऊ. मले वाटलं, जाळाचा आहे."

दिवा मागं गेला. एकानं माझ्या टेम्पोची चावी काढून घेतली. भीती वाटत होती, पण लाज त्याहून जास्त.

"काढा सारं. इथीच, आमच्यासमोर," मडावीभाऊ म्हणाले.

रावणाच्या पाठीवर ब्लेड चालवलं. एकेक लड ओढून पाण्याच्या बादलीत टाकली. शेवटच्या डोक्यापर्यंत कोणी जागचं हललं नाही.

मग ताराबाई जवळ आल्या. "याचे दात असे राक्षसासारखे काऊन काढले?"

"सगळीकडे असेच काढतो, बाई."

"तुमी त्याले पाह्यलं का कधी?"

अब्बा काढायचे म्हणून मी काढत आलो. संध्याकाळी राखच व्हायची, तर चेहऱ्याकडे कोण बघतो.

"कसा पाहिजे?"

"आमच्या माणसासारखा."

मडावीभाऊंना नमुना म्हणून समोर खुर्चीवर बसवलं. दात बुजवले, डोळ्यांतला लाल रंग काढला. दहा तोंडांत दुपार गेली. सातव्या तोंडाला भाऊ म्हणाले, "मिशी जास्त झाली ना." मग चावी परत दिली.

ताराबाईंनी दिवा लावला. मी चार पावलं मागं सरकूनच हात जोडले.

आता रावणाची ऑर्डर आली की आधी विचारतो, जाळाचा की पूजाचा? लोक हसतात. हसू दे.