अनंताचा वास

अख्ख्या कामोठ्यात फुलांसाठी इतका वेडा माणूस दुसरा नसेल, आणि त्यांना एकाही फुलाचा वास येत नव्हता. माझे हे तळमजल्यावरचे शेजारी तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं राबले. निवृत्त होताना नाक तिथंच ठेवून आलो, असं ते स्वतःच सांगत. बायको गेल्यावर त्यांनी घरामागच्या चिंचोळ्या पट्टीतलं डेब्रिज उपसलं आणि बाग उभी केली. कापलेल्या निळ्या पिंपांत अबोली, कढीपत्ता, गवती चहा आणि मधोमध, जमिनीत, अनंत. बायकोनं शेवटच्या आजारात अनंताचं फूल मागितलं होतं. दिवस थंडीचे, फूल कुठंच मिळालं नव्हतं. आता रोज एक तिच्या फोटोला. "सगल्यांचा अनंत थंडीत बंद. माझा बारा महिने चालू," असं ते छाती काढून सांगत.

झाडांना ते मांदेली धुतलेलं पाणी घालत. वरच्या तीन मजल्यांच्या खिडक्या धडाधड बंद होत आणि हे खाली तृप्त उभे. सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून भांडायला आले, तर त्यांच्यापुढे फूल धरून म्हणाले, "रुमाल काढा, मग कलंल वास कशाला म्हनतात!" कुरिअरवाल्यालाही सही मिळण्याआधी झाडापुढे वाकावं लागे.

पण त्यांचं खरं नाक मी होतो. "सर, आज कसा हाय?" पहिल्यांदा मी फूल हुंगलं तेव्हा वास काहीच नव्हता. नर्सरीवाल्यानं अनंत म्हणून दुहेरी तगर गळ्यात मारली होती. समोर फोटो, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत. "छान आहे," मी म्हणालो. तेवढ्यावर त्यांचं भागेना. मग आयुष्यभर वाचनालय सांभाळलेला मी रोज नवं काही रचू लागलो. आज सायीसारखा, आज जरा दाट, आज लांबून आल्यासारखा. ते डोळे मिटून ऐकत आणि फोटोकडे वळून म्हणत, "ऐकलंस?"

वर्षश्राद्धाला शिरवण्याहून मेहुणी आली. तिनं फूल हुंगलं, पानाचा देठ मोडला, पांढरा चीक बोटावर घेतला.

"भावोजी, ही तगर हाय. अनंताला कुठं चीक असतो?"

"खतपानी जास्त झालंय, म्हनून."

"आनि वास?"

"तो सरांना इचार. शिकलेला मानूस खोटं बोलल काय?"

दोघंही माझ्याकडे वळली. "वास येतो," मी म्हणालो. मेहुणी न जेवता निघून गेली.

या थंडीत ते गेले. छातीनं दगा दिला. बोलणं थांबल्यावरही खिडकीकडे बोट करत, आणि मी सांगत असे.

दहाव्याला मेहुणी झाडापाशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आवाजात राग नव्हता.

"बहिनीला आमच्या आईनं लावलेल्या अनंताचं फूल हवं व्हतं. सर, त्या दिवशी त्याचंच रोप पिशवीत घेऊन आले व्हते मी. तुमी वास येतो म्हनालात, तसंच परत नेलं."

तगरीला पाणी आता मी घालतो. सवयीनं एक फूल नाकाशी नेतो. आज कोणी विचारलं, तर खरं सांगेन. विचारत कोणी नाही.