निल्सचं नाव

वसंतराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवळीच्या बसस्टँडवर होतो. आलेली बस सोडून दिली आणि तिथेच बाकावर बसलो… पुलगावच्या शाळेत आम्ही बरोबरीने नोकरी केली; ते इतिहास शिकवत, मी मराठी. निवृत्तीनंतर त्यांचा इतिहासाचा नाद सुटेल, असं वहिनींना वाटलं होतं. तो थेट स्वीडनला पोचला.

निमित्त झालं सुनेचं. मुलगा निखिल तिकडे नोकरीला, बायको एलिन तिकडचीच. एलिनच्या आजीला एक जुनी गोष्ट सलत होती. आजीचा पणजोबा निल्स बायकोपोरांना टाकून अमेरिकेला पळाला आणि तिथे त्याने दुसरा संसार थाटला, असं घरात सांगत आले होते. तिकडे तेव्हा मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लागायचं, आपल्यासारखंच. पण निल्सच्या मुलाने मोठेपणी ते टाकून भलतंच आडनाव घेतलं. त्यानंतर घरात निल्सचं नाव कुणी काढलं नाही. एलिन इंटरनेटवर जुन्या नोंदी चाळून थकली होती.

ती निखिलबरोबर सुट्टीत पुलगावला आली तेव्हा वसंतरावांनी बैठकीच्या भिंतीवर कागदाची लांब पट्टी चिकटवली. वरच्या अंगाला एलिनच्या घराण्यातले जन्म, लग्नं, मृत्यू. खालच्या अंगाला त्याच साली तिकडे देशात काय घडलं ते. वर्गात शिकवायची त्यांची हीच रीत होती. एलिन सांगे, ते लिहीत. एका दुपारी मी गेलो तर दोघं पट्टीपुढे उभी. निल्सने गाव सोडल्याच्या नोंदीखाली बरोबर मोठ्या दुष्काळाचं साल आलं होतं. आधीच्या वर्षी पीक थंडीने गेलेलं, त्या वर्षी पावसाविना जळालेलं. आणि मधल्या हिवाळ्यात त्याचं एक लेकरू दगावलेलं.

"यानं पोरं टाकली, का पोरं जगवाले गेला?" वसंतराव म्हणाले. मग निखिलकडे वळले, "तिले सांग, पुढची वर्षं कायले धुंडून राह्यली? गेला, त्याच साली पाह्य."

एलिन इतके दिवस दुसरा संसार शोधत होती, म्हणून हाती काही लागत नव्हतं. आता तिने अमेरिकेतल्या पहिल्याच हिवाळ्यातल्या दफनांच्या नोंदी काढल्या. निल्स तिथे होता. गाव तेच, जन्मतारीख तीच. पोचल्यावर काही महिन्यांतच तापाने गेलेला. आजीला फोनवर सांगितलं तेव्हा तिने पणजोबाचं नाव घेतलं. पुढे ते घराण्याच्या थडग्यावर कोरूनही घेतलं. त्या दगडाचा फोटो वसंतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत.

तेरवीला एलिन आली होती. वहिनी कुणाशीच बोलत नव्हत्या. पाहुणे पांगल्यावर एलिनने भिंतीवर नवा कागद लावला, त्यावर सासऱ्यांचं नाव लिहिलं आणि मोडक्या मराठीत विचारलं, की बाबा जन्मले त्या साली इकडे काय झालं होतं? वहिनी उठून कागदाजवळ आल्या.

"त्या साली संत्र्याले लय बहार आलता, असं माह्या सासूबाई सांगत," त्या म्हणाल्या. "लिहून ठेवजो."