त्या कोपऱ्यात वार हाय

“त्या कोपऱ्याला कुदळ लावू द्यायची न्हाई माय... वार हाय.”

आई हे मला म्हणाली नव्हती. मागच्या भिंतीवरून ती शेजारच्या काकूंशी बोलत होती आणि मी आत चहाचे कप विसळत होते. दिवस शनिवारचा. ‘वार आहे’ म्हणजे मटण नाही, नखं कापायची नाहीत... एवढंच मला माहीत. मी बीडला हॉस्टेलवर राहून इंग्लिश मीडियममध्ये शिकले. मराठी घरचीच, पण काही शब्द माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत.

या ग्रुपवरचे अनुभव मी खूप दिवसांपासून वाचते, आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात वायरिंग, अपुरी झोप, कुणाची तरी मस्करी – असं काहीतरी कारण लावून पुढे जाते. कधी कमेंटसुद्धा केली नाही. आज लिहितेय, कारण या वेळी लावायला कारणच मिळत नाहीये.

आमचं घर पाटोद्यात. पुढे पप्पांचं मोटार वाइंडिंगचं दुकान, मागे तीन खोल्या, आणि स्वयंपाकघराला लागून जुनी न्हाणी. शहाबादी फरशी. समोरच्या भिंतीला पाणी जायची जाळी, पण उजव्या कोपऱ्यात फरशी खचलेली, त्यामुळे पाणी तिथंच साचायचं, शेवाळ धरायचं. आई रोज अंघोळीआधी त्या कोपऱ्यात तांब्याभर गरम पाणी ओतायची. मला वाटायचं, शेवाळ निघावं म्हणून.

दिवाळीला ताई तिथं घसरली. तेव्हा कोपर खरचटण्यावर निभावलं. पण आता ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिच्या सासूबाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं, “न्हाणी नीट झाली तर पाठवतो. न्हाई तर इथंच करू समदं.” पप्पांनी दुसऱ्याच दिवशी बालाजी मिस्त्रींना बोलावलं.

बालाजी मिस्त्रींनी कधीकाळी पुण्यात बंगल्यांची कामं केली होती आणि ते ती कुणाला विसरू देत नसत. हाताखाली त्यांचा मेव्हणा दत्ता. त्या शनिवारी आईचं बोलणं ऐकून मी न्हाणीच्या दारातूनच म्हणाले, “मिस्त्री, तो कोपरा आज नको. आईचा वार आहे. उद्या करा.”

“करू की ताई. पुन्यात तर लोक मुहूर्त बघून कमोड बसवतेत.”

मला वाटलं, आईचं काम मी न सांगता केलं.

रविवारी सकाळी आई वडवणीच्या एसटीत बसली, ताईच्या सासरी जाऊन तिला आणायचा दिवस ठरवायला. ती गेली आणि कोपरा फुटला. आतून मडकं फुटल्यासारखा आवाज आला.

“दाजी, धन लागलं!” दत्ता ओरडला.

“तुज्या नशिबात धन असतं तर माज्या हाताखाली कावून आला असतास बे?”

ओंजळीएवढं मातीचं बोळकं होतं, वर झाकण. आत नुसती काळी माती. दत्ताने खापरं घमेल्यात टाकली, घमेलं राडारोडा न्यायला आलेल्या ट्रॅक्टरमध्ये रिकामं झालं, ट्रॅक्टर गेला. मी परत लॅपटॉप उघडला.

आई संध्याकाळी आली ती चपलेसकट न्हाणीच्या दारात उभी राहिली.

“वार होती ना गं तिथं...”

“पण शनिवार तर काल झाला ना, आई?”

ती माझ्याकडे बघत राहिली. दारात कुणाचं तरी भलतंच लेकरू येऊन उभं राहावं, तशी. मग चपला काढल्या आणि पीठ मळायला बसली. ‘होती’ म्हणाली होती ती. ‘होता’ नाही. मला ते खटकलं, पण विचारायचं राहून गेलं... मी सहसा विचारत नाहीच.

मिस्त्रींनी नळीत पाणी भरून लेव्हल काढली, कोपरा चांगला उचलून घेतला, जाळीकडे ढाळ दिला आणि वर खरबरीत टाइल्स बसवल्या. सगळं वाळल्यावर बादली ओतली. पाणी जाळीकडे निघालं, मध्येच थबकलं – मागून कुणी हाक मारावी तसं – आणि वळून कोपऱ्यात गेलं. चढावर.

“हे तिकडं कुठं चाललं बे?”

“पानी ऐकंना, दाजी.”

टाइल्स उपटल्या, ढाळ वाढवला, पुन्हा बसवल्या. पुन्हा तेच. शेवटी पप्पांनी दुकानातून जुन्या बेअरिंगचा छर्रा आणला आणि कोपऱ्यात ठेवला. तो घरंगळत सरळ जाळीवर जाऊन आपटला. टण्. मग पप्पांनी जाळीपाशीच तांब्या ओतला. पाणी हळूहळू वर चढत कोपऱ्यात जाऊन थांबलं.

पप्पांनी छर्रा उचलला, शर्टाला पुसला, खिशात घातला आणि दुकानात निघून गेले. त्या दिवशी मिस्त्रींनी पुण्याचं नाव काढलं नाही.

मी गुगल केलं. सरफेस टेन्शन, टाइलचं कोटिंग... पण एवढ्या चढावर पाणी नेईल असं काही सापडलं नाही. फोनमधलं लेव्हलचं ॲप लावलं. ढाळ बरोबर होता.

तेव्हा मी आईला ‘वार’बद्दल विचारलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “वार म्हंजी लेकरासंगं येती ती.”

प्लॅसेंटा. मला तो शब्द इंग्रजीतच माहीत होता.

“तुज्या ताईच्या आधी एक पोरगं झालं मला. पयलं बाळंतपण माहेरी असतंय, पर माज्या माहेरचे समदे ऊस तोडाया गेलते. शिरूरच्या घराला कुलूप. मंग इथंच झाले मी मोकळी. दुपार बी काढली न्हाई त्यानं.” तिने भाकरी तव्यावर टाकली. “वार त्या कोपऱ्यात पुरली. वरून गरम पानी घालतेत, लेकराला ऊब ऱ्हाती म्हनून. त्याला कुठं नेलं, ते मला कुनी सांगितलं न्हाई. माज्याकडं त्याचा तेवढाच पत्ता होता.”

मला ट्रॅक्टर आठवला. तिलाही आठवला असणार.

“आता ताईला बी माहेर बंद,” ती म्हणाली, आणि भाकरी करपली तरी तिने उलटली नाही.

दुसऱ्या दिवशी ताईला आणायचं ठरलं होतं. त्याच दुपारी पप्पा तिच्या सासरी ‘पाठवू नका’ असा फोन करायला उठले. मी म्हणाले, “थोडं थांबा.” एवढंच. मग तांब्याभर पाणी गरम केलं, न्हाणीत गेले, दार लावलं आणि आई ओतायची तसं कोपऱ्यात ओतलं. ते तिथंच थांबून राहिलं. मी समोर उकिडवी बसले.

पाणी ऐकत नाही, असं सगळेच म्हणत होते. पण त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी एक वाक्य बोलले, मोठ्याने. आधी काहीच झालं नाही. मग पाण्याची एक धार सुटली, जाळीकडे. तिच्यामागे सगळं पाणी गेलं.

मिस्त्री आता म्हणतात, “शिमिट बसायला येळ लागतो, पुन्यात बी असंच व्हतं.” पप्पा हो म्हणतात. माझ्याकडे याहून बरं उत्तर नाही, आणि हे उत्तर मला पटत नाही. बंब पेटायच्या आधी मी पहाटे कोपऱ्याला हात लावून बघते. तो कोमट असतो. आई पुन्हा तिथं तांब्या ओतायला लागली आहे. पाणी क्षणभर थांबतं, मग जातं.

ताई आलीये. आत्ता अंघोळ करतेय आणि मी दाराबाहेर स्टुलावर बसून फोनवर हे टाइप करतेय. येता-जाता ती मला हसते, “वॉचमन ठेवलाय का गं मला?” तांब्याचा आवाज मध्येच थांबला की माझा अंगठा थांबतो. परत सुरू झाला की पुढचा शब्द येतो. बाळ सुखरूप होईपर्यंत हे असंच चालणार.

त्या दुपारी काय बोलले, ते घरात कुणालाच सांगितलेलं नाही. त्यातला पहिला शब्द मी आयुष्यात कधी कुणा आपल्या माणसासाठी वापरलाच नव्हता.

“दादा, थोडं सरकून घे ना... ताई येतेय.”