घरटी एक मत

लोक सुट्टी काढून देवदर्शनाला जातात, मी मतदान बघायला जातो. बायको याला खूळ म्हणते आणि तिचं काही चुकत नाही. यंदा झेडपीची निवडणूक लागली तेव्हा ऑफिसातला मित्र म्हणाला, "आमच्या हिंगोलीकडं जा. बाबांचं चहाचं हॉटेल आहे. त्यांच्याकडं एक वही आहे, ती बघच." त्या वहीसाठी मी परभणीची रेल्वे पकडली.

परभणीहून औंढ्याकडे जाणाऱ्या एसटीनं जवळा बाजारला उतरायचं. पुढे काळीपिवळी मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. तेवढ्यात समोरच्या गाड्यावर गरम भजी खाऊन घ्यावीत, फार झकास असतात. रस्ता बरा आहे. कापूस निघालेली काळी रानं आणि मधूनच हिरवागार हरभरा बघत मी तासाभरात गावात पोचलो.

"पुन्याहून निस्तं मतदान बगायला? काहून हो?" बाबारावांनी, म्हणजे मित्राच्या वडिलांनी, चहा पुढे करत विचारलं. वहीचं नाव काढताच मात्र त्यांची कळी खुलली. गल्लीवार घरं, घरापुढे कल: इकडचा, तिकडचा, काठावरचा. एका मोठ्या घरात थोरला भाऊ इकडं तर धाकटा तिकडं लिहिला होता.

"भांडण झालं का त्यांचं?"

"छ्या! ठरवूनच हाय ते. कोनीबी निवडून येऊ दे, घरातलं येक मानूस सत्तेत पायजे."

धनगरांच्या आळीत प्रत्येक घरापुढे एकच मत मांडलेलं होतं. बायकांची नावं होती, पण पुढे रेघ. बाबाराव म्हणाले, "त्ये लोक मेंढ्या घेऊन लांब रानात असतात. मेंढरापाशी येक मानूस लागतंच. गडी येतो, बाई थांबती. घरटी येक मत, वीस वर्षांत बदल न्हाई."

दुसऱ्या दिवशी मतदान. दुपारी गर्दी ओसरल्यावर बाबारावांनी मला मोटारसायकलवरून मेंढ्या दाखवायला नेलं. दहा-बारा किलोमीटरवर एका शेतकऱ्यानं खतासाठी आपल्या रानात कळप बसवून घेतला होता. तिथं पन्नाशीच्या कोंडाबाई एकट्याच होत्या. त्यांचे मालक, म्हणजे नवरा मारोती, सकाळीच उमेदवाराच्या जीपमधून गावी गेले होते. ते दिवे लागायच्या सुमारास परतणार, आणि केंद्र तर साडेपाचला बंद.

मी मतदानाचा विषय काढला तशी बाईंनी पिशवीतून मतदार ओळखपत्र काढलं. कडा झिजल्या होत्या. "रेशनला चाललं, बँकेत चाललं, दवाखान्यात चाललं. ज्याच्यासाठी केलं तिथं येकडाव न्हाई गेलं बगा. औंदा लई मनात होतं." बोलताना त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मला फार वाईट वाटलं आणि मी बोलून गेलो, "मी थांबतो मेंढ्यांपाशी."

"तुमाला जमंल व्हय?"

"न्हाई जमायचं," बाबारावांनी परस्पर सांगून टाकलं. पण घड्याळ बघून गाडीला किक त्यांनीच मारली. बाईंनी मेंढ्या जाळीच्या कुंपणात कोंडल्या, कुत्र्याला काहीतरी बजावलं, मला बजावलं आणि मागे बसून निघाल्या.

पहिला तास मी साहेबी थाटात काढला. मग एक कोकरू जाळीखालून निसटलं आणि थेट शेजारच्या, नुकतंच पाणी दिलेल्या हरभऱ्यात शिरलं. त्याच्यामागे पळताना मी दोनदा आपटलो. शेवटी कुत्र्यानंच ते वळवून आणलं आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दिवस मावळताना मारोती आले. आपल्या मेंढ्यांपाशी बूट घातलेला, चिखलानं माखलेला अनोळखी माणूस बघून जागीच थांबले.

"कोन हो तुमी? कोंडा कुटंय?"

"मतदानाला गेल्यात."

ते मटकन खाली बसले. "आता गं! माझ्या मताच्या उलटं टाकलं म्हंजी माझंबी वाया गेलं की!"

तेवढ्यात मोटारसायकल आली. बाई उतरल्या त्या हसतच. केंद्र बंद व्हायला वीस मिनिटं असताना त्या रांगेत लागल्या होत्या.

"कुनाला टाकलंस?" मारोतींनी विचारलं.

"तुमी येवड्या वर्सात मला कवा सांगितलं व्हय?" एवढं बोलून त्यांनी आधी मेंढ्या मोजल्या, मग चुलीवर चहा ठेवला. बकरीच्या दुधाचा तो चहा पिताना मला इतकं बरं वाटत होतं की गुडघ्याचं खरचटणं घरी आल्यावर कळलं.

पुण्यात येऊन आता काही दिवस झाले. बुटांची माती अजून काढलेली नाही. निकालानंतर बाबारावांचा फोन आला. वहीतला गावाचा अंदाज बरोबर निघाला होता, तरी स्वारी नाराज होती. "कोंडाबाईच्या नावापुडं काय लिवू? मीच नेलं तिला, मलाबी सांगंना."

"आणि मारोती?"

"त्यो म्हनतो, पुडच्या टायमाला मेंढरापाशी मी थांबतो, तू आधी जाऊन ये. पन औंदा कुनाला टाकलं तेवडं सांग."

"मग?"

"न्हाई सांगत."