बंधाऱ्याचं चाक फिरलंच नाही

मंडळी, आज सकाळी जे पाहिलं ते डोळ्यांपुढून हलत नाही.

आमच्या कळंबजवळ घोडनदीवर जुना दगडी बंधारा आहे. त्यावरून माणसं ये-जा करतात. पाणी सोडायचं लोखंडी दार मात्र हातानं चाक फिरवून उचलावं लागतं. आज वरच्या धरणातून पाणी आलं तेव्हा दार बंदच होतं. पाणी तुंबलं आणि पलीकडच्या काठानं पारूआक्काच्या कांद्यात घुसलं.

आम्ही चौघं-पाचजण चाकाला अक्षरशः लटकलो. पहार घातली, ऑईल ओतलं. चाक तसूभर हललं नाही.

काठावरून आक्का ओरडत होती, "फिरतंय का रं?"

"फिरतंय, आक्का, फिरतंय!" मी खोटंच सांगितलं. दुसरं काय सांगणार?

बघता बघता काठ खचला. कांदा मातीसकट नदीत गेला. मागोमाग तिची विहीरही ढासळली.

मग आक्का बंधाऱ्यावर आमच्यापाशी आली. माझे सोललेले तळवे बघून म्हणाली, "सोडा आता. न्हाई फिरायचं ते. हात तरी ऱ्हाऊ द्या जेवायला."

आम्ही चाकावरचे हात काढले.

तुमच्या गावच्या बंधाऱ्याचं दार शेवटचं कधी उघडून बघितलंय, राव?