पदराचा तुकडा

मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. हे मी आजही सांगते, लाजत नाही. पण निकाल लागला तेव्हा ज्या बाईच्या हातची साखर मला हवी होती, ती भिंतीपलीकडे होती.

अल्लीपूरला आमचं घर एकत्र होतं आणि घरात राज्य मोठ्या काकूचं. तिला मी मोठीमाय म्हणायची. तिला मूलबाळ नव्हतं. मला तिनेच वाढवलं. "पोरीले कायले शाळा?" म्हणणाऱ्या काकांशी तीच भांडली. मी मॅट्रिक पास झाले तेव्हा गल्लीतल्या बायका आल्या आणि साखर भरवली माझ्या आईला. "तुह्या कुशीनं नाव काढलं वं बाई!" मोठीमाय चुलीपाशी उभी होती. तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही. त्या दिवसापासून ती आईच्या मागे लागली. आईची भाजी खारट, आई विहिरीवरून आली की उशिरा आली.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. वर्ध्याच्या कॉलेजात जायच्या दिवशी सकाळी मोठीमायचं लुगडं दोरीवर वाळत होतं. मी कैचीने त्याच्या पदराचा कोपरा कापला आणि ट्रंकेत लपवला. तिच्याशिवाय मी कधी झोपलेच नव्हते. पण मागायची लाज वाटली.

दिवाळीत घरी आले तर अंगणात मातीची भिंत आणि चुली दोन. आमच्याकडे पदराचा कोपरा कापलेला सापडला की करणीसाठीच कापला असं धरतात. मोठीमायने आईचं नाव घेतलं होतं.

"मी नाई कापला वं, देवाची आन," आई मला म्हणाली.

 कॉलेजात शिकणारी मुलगी, आणि खरं बोलायला भ्याले.

होस्टेलमधली माझ्या खोलीतली मैत्रीण ख्रिस्ती होती. दुसऱ्या वर्षी एका रविवारी ती बायबलमधली गोष्ट मोठ्याने वाचत होती. एक राजा. ज्याला त्याने लेकासारखं जवळ केलं, त्याचीच गाणी बायका गाऊ लागल्या. राजा जळला, सैन्य घेऊन त्याच्यामागे डोंगरात फिरला. एका गुहेत राजा एकटा हाती लागला, तर त्या पोराने त्याला मारलं नाही, नुसता झग्याचा काठ कापला.

"करणीसाठी," मी म्हटलं.

ती हसून लोटपोट झाली. "अवं येडे, पुढं तं आयक!"

पुढे तो गुहेबाहेर येतो, राजाला हाक मारतो, तुकडा वर धरून दाखवतो. राजा विचारतो, हा तुझाच का आवाज, लेका? आणि रडतो. त्यानंतर राजा घरी जातो, आणि तो पोरगा परत डोंगरात जातो.

"समेट झाला तरी?" मी विचारलं. तिने पुढचं पान उलटलं.

मला मात्र एक कळलं. कापला तो त्याने, पण दाखवलाही. मी दीड वर्ष ट्रंकेत दाबून बसले होते.

पुढच्या सुट्टीत एसटीतून उतरले ती सरळ भिंतीपलीकडे गेले. मोठीमाय तूर पाखडत होती.

"मोठीमाय, हा पाह्य तुह्या पदराचा तुकडा. मायनं नाई, मी कापला."

सूप थांबलं. "काऊन वं?"

"तुहा वास येते म्हून."

तिने तुकडा हातात घेतला. मग म्हणाली, "मले मांगतलं असतं तं अख्खं लुगडं देलं असतं." आणि रडली. रडता रडता भिंतीकडे तोंड करून ओरडली, "बाई, माहंच चुकलं!"

पलीकडे आईची भांडी वाजत होती. ती वाजतच राहिली.

मी तुकड्यासाठी हात पुढे केला. तिने तो नाकाला लावला आणि कमरेला खोचला. "हा राहू दे माह्यापाशी. आता तुहा वास येते याले."

आईने तिला माफ केलं की नाही, मी कधी विचारलं नाही. भिंत पडली नाही. बी.ए.च्या निकालाच्या दिवशी भिंतीवरून एक हात वर आला, हातात साखरेची वाटी. आईने ती घेतली आणि माझ्यापुढे ठेवली. मी भिंतीकडे पाहत राहिले. हात केव्हाच खाली गेला होता.