बंद घरांची मतं

सुलतानपूरच्या त्या गल्लीत सातव्या दारालाही कुलूप होतं. रशीदभाईंनी यादीवर खूण केली आणि माझ्याकडे पाहिलं.

समोरच्या ओट्यावरची म्हातारी ओरडली, "काऊन ठोकून राह्यले बापू? सारे कापूस वेचाले गेले. दिवस बुडाल्यावर या!"

विधानसभेची निवडणूक आठवड्यावर आली होती. लढत चुरशीची होती. मी एका सर्व्हे एजन्सीत सुपरवायझर होतो आणि रशीदभाई इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे घरोघरी जाऊन प्रश्न विचारणारे. मेहकरचे, माझ्याहून वयाने मोठे. त्यांचं घर याच कामावर चालायचं, आणि त्यांनी कधी एकही फॉर्म खोटा भरला नव्हता.

आमचा नियम साधा आहे. मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावं काढायची. हे सॅम्पल. माणूस भेटला नाही तर पुन्हा जायचं. शेजाऱ्यावर भागवायचं नाही, कारण घरी सापडणारा आणि न सापडणारा एकाच बाजूने मत देतो असं नसतं.

त्या वर्षी, अळी लागू नये म्हणून आणलेल्या बीटी कपाशीतही बोंडअळी शिरली होती. जो काही चांगला कापूस फुटला, तो लवकर वेचून आणायची घाई होती. गावातली कामाची माणसं उजाडताच वावरात जायची.

पुण्याहून बॉसचा फोन आला. "पाचपर्यंत डेटा हवा. चॅनलवाले थांबलेत."

"सर, घरं बंद आहेत. संध्याकाळी परत गेलो तर..."

"शेजारचं घर घ्या ना. सगळं मीच सांगायचं का?"

मी रशीदभाईंना तेच सांगितलं.

"घरी हाय कोन, भाऊ? म्हातारे अन् दुकानदार. अळीनं ज्याचं वाटोळं केलं, तो तं वावरात हाय. त्याले कोन इचारीन?"

"वरून ऑर्डर आहे."

"मंग तसं लिहून द्या. उद्या माह्यावर येईन."

"माझ्यावर भरवसा नाही का?" मी हसून म्हणालो.

त्यांनी शेजारचं दार वाजवलं. माणूस बदलला की फॉर्मवर तशी नोंद करतात. बदललेली नावं जास्त दिसली तर सर्व्हेवर शंका येईल, म्हणून ती मी करू दिली नाही. मूळ नावंच राहू दिली.

आम्ही पुन्हा उभ्या राहिलेल्या आमदारांना थोडी आघाडी दाखवली. ते थोडक्यात पडले. कापसाच्या गावांत तर आमचे आकडे साफ उलटे निघाले. बॉसने यादीतल्या लोकांना फोन लावले, मग मला.

"हे म्हणतात, आम्हाला कोणी विचारलंच नाही. माणूस बदलल्याची नोंदही नाही. फॉर्म कोणी भरले?"

"रशीदने," मी म्हणालो. तेवढंच.

त्यांना काढलं. खोटे फॉर्म भरणारा म्हणून नाव झालं, ते दुसऱ्या एजन्सींपर्यंतही पोहोचलं.

दोन वर्षांनी मी बॉसला खरं काय ते लिहून कळवलं, माझी नोकरी सोडली आणि मेहकरला गेलो. रशीदभाई बसस्टँडजवळ फळांची गाडी लावत होते. मी सगळं सांगितलं. ते एका बाईला पेरू तोलून देत होते. पिशवी तिच्या हातात दिल्यावर म्हणाले, "एवढं बोलाले दोन वर्सं काऊन लागले, भाऊ?"

एजन्सीने त्यांना परत बोलावलं. ते गेले नाहीत.

चुरशीच्या लढतीत अंदाज थोडा इकडेतिकडे होतो, हे आम्ही लोकांना आधीच सांगून ठेवतो. त्या सोयीमागे मी दोन वर्षं लपलो. सुलतानपूरमध्ये आमचा अंदाज चुकला नव्हता. आम्ही तो घेतलाच नव्हता.